बाटलीवरचा मेंढा

आमच्या घरी मेंढ्यांना औषध पाजायची जी बाटली आहे, ती जाड हिरव्या काचेची आहे आणि तिच्या आत एक बूच कायमचं पडलेलं आहे. बाटलीवर मेंढ्याचं चित्र आहे. आलेगेले पाहुणे विचारतात, ही कुठली? माय सांगते, "पोरीनं आणलीय." त्यापुढचं ती सांगत नाही. ते मी इथं लिहिते, कारण दीड वर्ष छातीवर घेऊन फिरत होते ते ओझं या बाटलीमुळं एका दुपारी उतरलं.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात. दिवाळीनंतर गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. आमचं घर मेंढरांचं. आबांजवळ साठ-सत्तर मेंढरं असतात. रानं मोकळी झाली की शेतकरी बोलावतात, मेंढरं बसवा म्हणून. संध्याकाळी त्यांच्या रानात जाळी लावून मेंढरं आत घ्यायची, सकाळपर्यंत लेंडीनं आणि मुतानं जमीन खतवते, बदल्यात शेतकरी ज्वारी-बाजरी देतो. माझं शिक्षण या धान्यावर झालं. आबा तिसरीपर्यंत शिकलेले, माय शाळेत गेलीच नाही. मी कृषीची पदवी घेतली तेव्हा आबांनी ते प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं आणि विचारलं, "ह्ये भिजलं तर दुसरं देत्यात का?"

आता आबांच्या माळेविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे थोरले चुलते ऊसतोडीच्या फडावर दारूनं गेले. मी तेव्हा दुसरीत होते. आबाच त्यांना टेम्पोत घालून घेऊन आले. त्याच महिन्यात आबांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. मटण सुटलं. दारू ते आधीही घेत नव्हते, पण आता तिची सावलीसुद्धा घराला चालेना. गावात एकजण दारू विकायचा. त्याची काळीभोर जमीन विहिरीला लागून होती. दरवर्षी तो निरोप धाडायचा, दुप्पट ज्वारी देतो, मेंढरं बसवा. आबा निरोप आणणाऱ्याला म्हणायचे, "सांग त्येला, माझ्या मेंढराची लेंडी बी त्याच्या रानात पडायची न्हाई."

आमच्याकडचे बाकीचे मेंढपाळ औषध पाजायला बिअरची रिकामी बाटली वापरतात. रस्त्याकडेला पाहिजे तेवढ्या मिळतात. मान लांब असते, मेंढीच्या गालात नीट बसते. आबा तिला हात लावत नसत. ते बांबूचं नळकांडं तासून घ्यायचे. दर दोन-तीन महिन्यांनी मेंढ्या ते चावून फोडायच्या आणि आबा नवीन तासायचे.

अशा माणसाची मी मुलगी, आणि मला प्रशिक्षण मिळालं ते वाईन करणाऱ्या बागेत. कॉलेजमधल्या सरांनी माझ्याकडून त्यासाठीचा अर्ज चारदा लिहून घेतला होता. तीनदा चुका काढल्या आणि चौथ्यांदा स्वतःच्या पाकिटात घालून पाठवला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. इटलीत समुद्राच्या काठावर एक उभा डोंगर, त्यावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, पायऱ्यांवर द्राक्षाच्या वेली. सगळी शेती सेंद्रिय. त्या द्राक्षांची लाल वाईन करायची. दीड वर्ष राहून काम शिकायचं.

घरी मी एवढंच सांगितलं, "द्राक्षाची बाग आहे."

माय म्हणाली, "मनुके करत असतील."

मी म्हणाले, "करतात काय काय."

माझं खोटं तेवढंच होतं. पण पुढचं दीड वर्ष ते रोज माझ्याबरोबर डोंगर चढायचं.

तिथं पहिली काढणी झाल्यावर बागेच्या मालकीणबाईंना गवताचा प्रश्न पडला. सत्तरी ओलांडलेल्या बाई, पायऱ्या आमच्या शेरडांसारख्या चढायच्या. सेंद्रिय बागेत तणनाशक चालत नाही, त्यामुळं हिवाळ्यात गवत मेंढ्यांना चारायचं अशी त्यांची रीत. पण शेजारच्या मेंढपाळानं या खेपेला नाही म्हटलं. आदल्या वर्षी त्याच्या दोन मेंढ्या या बागेत चरून मेल्या होत्या. कशानं, ते कुणालाच कळलं नव्हतं. मालकीणबाई पुन्हा पुन्हा म्हणायच्या, "आमच्या बागेत विष येणार कुठून?" मलाही सुचेना. एकदा तो मेंढपाळ समोर असतानाच मी आबांना फोन लावला.

"मरताना डोळं पिवळं पडलं हुतं का?" आबांनी विचारलं.

मी मेंढपाळाला विचारून सांगितलं, "हो, पिवळे."

"आन् मूत? लाल?"

मेंढपाळानं माझ्याकडं बघून मान हलवली. ही लांबची मुलगी हे कसं ओळखते, असा त्याचा चेहरा झाला.

"मग मोरचूद हाय," आबा म्हणाले. "बागेला मारत्यात का न्हाई? पानं चोळून बघ, बोटाला निळं लागंल. माझी सात मेंढरं गेलती अशीच, एका द्राक्षाच्या बागेत. तू लहान हुतीस."

मी पानं चोळली. बोटं निळी झाली. वेलींवरच्या बुरशीसाठी सेंद्रिय शेतीतही मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, चालतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. मेंढीला तो चालत नाही हे मला कुणी विचारलं नव्हतं.

आबांनी उपायही सांगितला. पानं सगळी गळू द्यायची, दोन-तीन मोठ्या पावसांनी गवत धुऊन निघू द्यायचं, खालच्या पायऱ्यांवर जिथं नव्या वेली आहेत आणि फवारणी झालेली नाही तिथं आधी सोडायचं, आणि दिवसभर ठेवायचं नाही. आम्ही तसंच केलं. मेंढपाळ तयार झाला आणि पौषाच्या सुमारास त्याच्या मेंढ्या बागेत आल्या. एकही दगावली नाही. त्यानंतर आबा दर फोनला आधी मेंढरांचं विचारायचे आणि मग माझं. "लई लांबची मेंढरं," ते म्हणायचे, "पर दुखणं त्येच."

ते असं म्हणाले की मला घास गिळवत नसे. ज्या माणसानं दारूवाल्याच्या रानात लेंडी पडू दिली नाही, त्याच्याच शब्दावर या डोंगरावर लेंडी पडत होती, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षीची द्राक्षं चांगली आली. वाईन झाली, बाटल्यांत भरायची वेळ आली. मालकीणबाई बाटलीवर दरवर्षी नवं चित्र छापत. माझ्या मोबाइलमध्ये आमच्या मेंढ्याचा फोटो होता, शिंगं मागं वळलेला, उजव्या शिंगाचं टोक मोडलेला. त्यांनी तो मागून घेतला. त्याच चित्राची एक बाटली मला निघताना दिली आणि म्हणाल्या, "ही तुझ्या वडिलांना." माझे वडील पीत नाहीत, हे मला त्यांना सांगवेना. घेतली. स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली.

दुसरंही एक बरोबर आणलं होतं. कायम नोकरीसाठी परत ये, माती आणि मेंढ्या दोन्ही तू सांभाळ, असं त्यांचं पत्र. उत्तर द्यायला आठ दिवस होते. मी ठरवलं होतं की आबांना खरं सांगितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. आणि रोज सकाळी मी ते दुपारवर ढकलत होते. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी मी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला शिरूरला गेले होते. कशाच्या झेरॉक्स, ते घरी सांगितलं नाही. परत येताना जीपमधून फाट्यावर उतरले आणि चालत घराकडं आले, तर लिंबाखाली मेंढी आडवी पडलेली. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली. पहाटे दव पडलेला कोवळा लसूणघास कुणाच्या तरी बांधावर खाऊन आली होती आणि पोट फुगलं होतं. आबा तिच्या डोक्याशी बसलेले, आणि त्यांच्या धोतरावर लालभडक डाग. मला वाटलं रक्त.

मग मी त्यांच्या हातातली बाटली पाहिली.

"आली का?" माय ओरडली. "अगं तुजंच औषध पाजतोय. बॅगेत दडवून बसलीस व्हय? मेंढी मराय लागली इकडं!"

"माय, ते औषध नाही."

"न्हाई कसं? मेंढरू छापलंय की वर!"

तिचं चुकलं कुठं? आमच्या घरात जंताच्या औषधाच्या बाटलीवर मेंढी असते, गोचिडाच्या औषधावर गाय असते. अक्षर न वाचता माय चित्रावरून औषध ओळखते आणि आजवर कधी चुकली नव्हती. नळकांडं त्याच मेंढीनं चावून उभं फोडलं होतं. नवीन तासायला वेळ नव्हता. फुटकं नळकांडं बांधायला माय माझ्या बॅगेत जुनं फडकं शोधायला गेली आणि तिला ही बाटली सापडली. मुलगी मेंढरांच्या मुलखातून आली आहे, मेंढरांचं औषध आणणारच. बूच निघेना म्हणून आबांनी लोकर कातायच्या चातीच्या दांड्यानं ते आत ढकललं आणि दोन घोट मेंढीच्या गालात सोडले.

आबांनी बाटली नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"काय हाय गं ह्ये?"

"वाईन आहे, आबा."

हा शब्द त्यांना माहीत नव्हता. तिथंच थांबता आलं असतं. मी म्हणाले, "द्राक्षाची दारू."

आबांचा डावा हात माळेवर गेला आणि लगेच खाली आला, कारण हात ओला होता. तेवढ्यात मेंढी कण्हली.

"तेल आण," ते मायला म्हणाले. "ओवा, हिंग टाकून."

"कशातनं पाजणार? नळकांडं तर फुटलंय."

आबांनी मेंढीकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं. मग उरलेली वाईन चरवीत ओतली. कोकरं चाटतील म्हणून खाली सांडू दिली नाही. बाटली दोनदा विसळली, तेल भरलं आणि मेंढीचं तोंड आडवं धरून गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू सोडू लागले. मी मेंढीचे पुढचे पाय उंचावर घेतले आणि कूस चोळत राहिले. लहानपणापासून हे माझं काम. तेल संपत आलं तसं आतलं बूच तरंगत खाली आलं आणि बाटलीच्या तोंडाशी बसलं. आबा क्षणभर त्या बुचाकडं बघत राहिले.

आम्ही तिला उठवली, चालवली, पुन्हा चोळली. अर्ध्या तासानं तिनं एवढी मोठी ढेकर दिली की कोंबड्या उडाल्या. कूस हाताला मऊ लागू लागली. माय खाली बसून हसली.

"आता कशानं उतरलं म्हणायचं? तेलानं का त्या दुसऱ्यानं?"

"तू गप बस," आबा म्हणाले.

त्यांनी राखेनं हात धुतले. तीनदा. मग बाटली घेऊन जाळीपलीकडं जाऊन बसले. मी गेले आणि समोर बसले. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नव्हतं.

आबा बाटली उन्हाकडं धरून चित्र बघत होते.

"उजवं शिंग मोडलंय," ते म्हणाले. "आपलाच हाय ना?"

"हो. त्यांनी फोटो मागून घेतला. तुमच्यामुळं मेंढ्या वाचल्या म्हणून."

"म्हंजी माझ्या सांगण्यावर दारूच्या बागेत मेंढरं बसली."

"बसली नाहीत, चरली." मग मलाच ते बरं वाटेना. "पण लेंडी पडली, आबा."

"कावून सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही जाऊ दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ज्वारी किती झाली ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "तू पितीस?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. उत्तर कितीदा तरी मनात तयार केलं होतं, नाही म्हणून. ते तोंडातून निघेना.

"चव घ्यावी लागते. तोंडात फिरवायची आणि थुंकून टाकायची, कामच आहे ते. जांभळासारखी लागते, तुरट. मागून जरा खारट, समुद्राच्या वाऱ्यानं असं ते म्हणतात. एकदाच गिळली. या मेंढ्याची पहिली बाटली भरली त्या दिवशी, अर्धा पेला."

आबांनी विचारलं, "तितं कोण पिऊन पडतंय का?"

इथंही सोपं उत्तर होतं. तिथं लोक जेवणाबरोबर पितात, थोडी पितात, वगैरे. ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं.

"एकजण होता. छाटणीला यायचा. चांगला कामगार, पण सुटायची नाही त्याची. मालकीणबाई त्याला काम द्यायच्या, जेवायला घालायच्या. बाटली द्यायच्या नाहीत. सणाला सगळ्या कामगारांना एकेक बाटली देतात, त्याला तेलाचा डबा दिला. तो भांडला. तरी दिली नाही."

आबांनी मान वर केली. "न्हाई दिली?"

"नाही. मी तिथंच उभी होते."

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि चाती हातात घेतली. आबांना नीट विचार करायचा असला की ते लोकर कातायला लागतात. मी धागा लांबताना बघत राहिले.

"त्या दारूवाल्याच्या रानात मी मेंढरं बसवत न्हाई," ते म्हणाले, "त्ये दारूपायी न्हाई. गावात काय, लई जण विकत्यात. माझा भाऊ फडावर जायच्या आधी मी ह्या दारूवाल्याच्या दारात गेलतो. हात जोडलं. म्हणलं, ह्येला देऊ नको, ह्येचं लिवर गेलंय. त्यो व्हय म्हणला. आन् त्याच सांजंला पाजली."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. मायलाही माहीत नसावी, कारण ती गोठ्यातून येता येता जागीच थांबली.

"ती बाई देत न्हाई म्हणलीस," आबा पुन्हा म्हणाले. या वेळी मला विचारत नव्हते.

मी पत्राचं सांगितलं. परत बोलावलंय, कायमचं काम आहे, मला जायचं आहे, पण तुमच्या मनाविरुद्ध जाणार नाही. हे सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मेंढरं कुणाच्या अंगावर ऱ्हातील तितं?"

"माझ्याच."

"मोरचूदाचं ध्यान ठिवशील?"

"ठेवीन."

"मग जा." धागा तुटला, त्यांनी तो थुंकीनं जोडला. "पर पुन्यांदा घरात आणायची न्हाई. माळेला पाप नगं."

"नाही आणणार, आबा."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. भूक लागली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं आणि ते तेव्हा लक्षात आलं. मायनं तिथंच भाकरी आणि ठेचा आणून दिला. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि दीड वर्षात पहिल्यांदा त्या सरळ पोटात उतरल्या.

चरवीतली वाईन मायनं उकिरड्यावर नेऊन ओतली. "खतातनं आली, खतात गेली," ती म्हणाली. चरवी चारदा घासली, तरी तिचं समाधान होईना. आता त्या चरवीत कोंबड्या पाणी पितात, दूध तिच्यात काढत नाहीत.

मला वाटलं, बाटलीही उकिरड्यावर जाणार. आबांनी ती गरम पाण्यानं आणि राखेनं स्वतः धुतली. उलटी करून वाळवली. मग अंगणात मला हाक मारली आणि बाटली पाण्यानं भरून दाखवली.

"ह्ये बघ. काच जाड हाय, मेंढीच्या बापाला फुटायची न्हाई. आन् ह्ये बूच आत हाय न्हवं, औषध हाय तवर वर तरंगतंय. संपत आलं की तोंडाशी येऊन बसतंय. म्हंजी मेंढीच्या पोटात वारा जात न्हाई. बिअरच्या बाटलीत ह्ये न्हाई."

दोन-तीनदा पाणी ओतून त्यांनी मला ते करून दाखवलं. बूच दर वेळी येऊन बसलं. आबांच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदा सायकल मिळालेल्या माणसाच्या असतो, तसा आनंद होता.

"येताना आणखी दोन आण," ते म्हणाले. आणि माझा चेहरा बघून पुढं म्हणाले, "रिकाम्या."

माय आतून ओरडली, "तीन आण! माज्या भावाची बी मेंढरंच हायती."

मी त्याच संध्याकाळी मालकीणबाईंना होकार कळवला. मेलच्या शेवटी तीन रिकाम्या बाटल्या बाजूला ठेवायला सांगितल्या, मेंढ्याच्या चित्राच्या. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. मी येणार म्हणून त्यांना आनंद झाला होता, पण बाटल्यांचं नीट कळलं नव्हतं. रिकाम्या का, असं त्यांनी विचारलं होतं.

मी लिहिलं, हो, रिकाम्याच. आणि बूच बाहेर काढू नका, आत ढकला.